हॅलॉयसाइट नॅनोनलिकांचे पृष्ठसंस्करण

हॅलॉयसाइट हे केओलिनाइट (चिनी मातीचे मुख्य खनिज) गटातील नळीदार मृद्‌खनिज. प्लास्टिक ताठर करण्यासाठी त्याची पूड त्यात मिसळतात; त्याआधी नळ्यांच्या पृष्ठभागावर सिलेन (सिलिकॉनयुक्त जोडरसायन) बसवतात, तेच पृष्ठसंस्करण. नळीचा बाह्य व्यास साधारण ५०–७० नॅनोमीटर, पोकळी १०–२० नॅनोमीटर आणि लांबी ०.५–१.५ मायक्रोमीटर. कोल्हापूरच्या फाउंड्रींत साच्याच्या वाळूला बांधणारे बेंटोनाइट परिचित आहे; पण या थरदार मातीचे थर प्लास्टिकमध्ये मिसळताना एकमेकांपासून सोडवावे लागतात. हॅलॉयसाइटच्या नळ्या मुळातच बऱ्याच सुट्या असतात. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडील जांभ्यातल्या पांढरट मातीला मात्र केवळ रंगावरून हॅलॉयसाइट म्हणू नये. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नळी दिसली पाहिजे.

फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ पिएर बेर्त्ये यांनी १८२६ मध्ये बेल्जियन भूवैज्ञानिक ओमालियस द'हाल्वा यांच्यावरून हे नाव दिले. पाणीयुक्त प्रकाराला काहींनी ‘एंडेलाइट’ म्हटले; आता थरांच्या अंतरावरून १० (पाणीयुक्त) व ७ (निर्जल) अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग) हॅलॉयसाइट अशी विभागणी रूढ आहे. थर का वळतो, यावर मतभेद आहेत. थरातला सिलिकाचा पत्रा त्याला जोडलेल्या ॲल्युमिनाच्या पत्र्यापेक्षा मोठा असल्याने तो बाहेर राहून गुंडाळी होते, ही जुनी मांडणी. पण हीच विसंगती असूनही केओलिनाइट सपाट राहतो. म्हणून थरांमधल्या पाण्याने थर सैल होऊन वळतात, हे मत अधिक पटते.

याच रचनेमुळे बाहेर सिलोक्सेन (सिलिकॉन-ऑक्सिजन बंध) आणि आत ॲल्युमिनाचे हायड्रॉक्सिल गट येतात. सिलेन हायड्रॉक्सिल गटांशी जुळते, म्हणून ते मुख्यतः पोकळीत, कडांना व दोषस्थळी जोडले जाते. बहुवारिकाचा (पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकचा) स्पर्श मात्र बाहेरच्या भिंतीला होतो. ‘सिलेनने नळी मढवली’ हे विधान त्यामुळे जपून घ्यावे.

ॲमिनोसिलेन (ॲमिन गट असलेले सिलेन) जोडण्यासाठी पूड ११० अंश सेल्सियसला निर्वातात वाळवून कोरड्या टोल्युइन या विद्रावकात ध्वनिलहरींनी पसरवतात, सिलेन घालून सुमारे २० तास रिफ्लक्स करतात (वाफ थंड करून परत आणत उकळतात), ताज्या टोल्युइनने अनेकदा धुतात व पुन्हा वाळवतात. धुणे अपुरे राहिल्यास सुटे सिलेन आपसांत जुळून गाठी होतात. पावसाळ्यात उघडी राहिलेली पूड ओलावा धरते. मग सिलेन पृष्ठभागाऐवजी द्रावणातच संघनित होते. वाळवण्याचा टप्पा घाईने उरकू नये.

नायलॉन-६ मध्ये नळ्या घालताना नायलॉनचा दाणा ८० अंशांना निर्वातात वाळवून ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडरमध्ये (दोन मळसूत्रांच्या मिश्रणयंत्रात) २३०–२४० अंशांना मिसळतात. प्रमाण बहुधा वजनाच्या १–५ टक्के ठेवतात. त्याहून जास्त घातल्यास गुठळ्या वाढून ताठरपणा टिकला तरी आघातबल घटू शकते. पॉलिप्रॉपिलीन अध्रुवी असून ध्रुवी नळ्यांशी नीट जुळत नसल्याने त्यात दुवा म्हणून मॅलेइक ॲनहायड्राइड हा ध्रुवी गट जोडलेले पॉलिप्रॉपिलीनही घालतात. ओल्या दाण्याने बुडबुडे येतात, अतिकर्तनाने (यंत्रातल्या जास्त घुसळणीने) नळ्या तुटतात.

अवरक्त वर्णपटात २९३० सेमी⁻¹ च्या आसपासचा पट्टा सिलेनची उपस्थिती दाखवतो, त्याची जागा नव्हे.