बंदुकीच्या जागी दुर्बीण : भूमध्य समुद्राकाठच्या वसंती पक्षी-निरीक्षणाची पार्श्वभूमी

भूमध्य समुद्राकाठी वसंतात पक्षी पाहण्यासाठी आज जी ठिकाणे नावाजलेली आहेत, त्यांतल्या अनेक ठिकाणी पूर्वी बंदूकवाला नाहीतर जाळेवाला बसत असे. सिसिली आणि मुख्य इटली यांमधली मेसिनाची सामुद्रधुनी, नेपल्सजवळचे काप्री बेट, माल्टा ही त्यांतली ठळक नावे. थवा कुठल्या खिंडीतून येतो, कोणत्या वाऱ्यात खाली उतरतो, पहिली घार किती वाजता दिसते, ही माहिती शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली होती. निरीक्षक आले ते याच जागांवर. त्यामुळे इथल्या पक्षी-निरीक्षणाचा इतिहास सांगायचा तर शिकारीपासूनच सुरुवात करावी लागते.

मुळात जागा ठरवली ती समुद्राने. आफ्रिकेत हिवाळा काढून युरोपात विणीसाठी निघालेला पक्षी आधी सहारा ओलांडतो आणि लगेच पुढ्यात पाणी येते. घारी, गरुड, करकोचे, गिधाडे हे जड, रुंद पंखांचे पक्षी जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेच्या स्तंभात, म्हणजे थर्मलमध्ये, घिरट्या घेत उंच चढतात आणि तिथून पंख न हलवता पुढे घसरत जातात. पाण्यावर दिवसा असे थर्मल जवळजवळ उठतच नाहीत. पंख मारत समुद्र पार करायचा तर अंगातली चरबी भराभर जळते. म्हणून हे पक्षी पाण्याचा सर्वांत अरुंद पट्टा शोधतात. जिब्राल्टरला तो सुमारे १४ किलोमीटर आहे, मेसिनाला जेमतेम ३ आणि इस्तंबूलच्या बॉस्फरसला सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे ७०० मीटर. लहान पक्ष्यांचे गणित वेगळे. ते रात्री, सरळ रेषेत, समुद्रावरून पंख मारत येतात. पहाटे समोरून वारा किंवा पाऊस लागला, तर जे पहिले बेट किंवा भूशिर दिसेल तिथे कोसळल्यासारखे उतरतात. एका झुडपात अशा वेळी पाच-सहा जातींचे वटवट्ये, माशीमार आणि खाटीक एकत्र सापडतात. आकाश निरभ्र असेल आणि पाठीवर वारा असेल, तर हेच पक्षी बेटावर न थांबता पुढे निघून जातात. हवा सुंदर आहे म्हणून उत्साहाने बेटावर गेलेल्या माणसाला झुडपे रिकामी मिळतात, ती यामुळे.

या स्थलांतराची दखल फार जुनी आहे. पहिल्या शतकात प्लिनीने लिहून ठेवले आहे, की लाव्यांचे थवे रात्री जहाजांच्या शिडांवर उतरतात आणि जहाज बुडवतात. जहाज बुडण्याची गोष्ट सोडून द्यावी, पण लावे रात्री प्रवास करतात आणि दमून मिळेल तिथे टेकतात, हे निरीक्षण पक्के आहे. तेराव्या शतकात सिसिलीचा राजा आणि सम्राट दुसरा फ्रेडरिक याने ससाण्यांच्या शिकारीवरच्या आपल्या ग्रंथात पक्षी अनुकूल वाऱ्याची वाट पाहून निघतात, हे नोंदवले. सार्डिनियात एलेओनोरा दी आर्बोरेआ या राज्यकर्तीने १३९२ च्या सुमारास जारी केलेल्या कायद्यात ससाण्यांच्या घरट्यांना संरक्षण होते. तिच्याच नावाने १८३९ साली एका ससाण्याचे नामकरण झाले. हा एलेओनोरा ससाणा मादागास्करहून एप्रिल-मेमध्ये परततो, पण अंडी घालतो ती जुलै-ऑगस्टमध्ये. पिलांना भरवायला शरद ऋतूत दक्षिणेकडे जाणारे लहान पक्षी हवेत मिळावेत, म्हणून त्याची वीण इतकी उशिरा. मे महिन्यात तो कड्यांवर दिसतो तेव्हा बहुतेक वेळ हवेतले किडेच पकडत असतो.

जिब्राल्टरची नोंद मात्र खऱ्या अर्थाने आधुनिक आहे. इंग्लंडमधल्या सेलबर्न गावचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याचा भाऊ जॉन १७५६ ते १७७२ या काळात जिब्राल्टरला लष्करी धर्मगुरू होता. त्याने कळवलेल्या माहितीवरून गिल्बर्टने लिहिले, की भिंगऱ्या, वेडे राघू, हुदहुद, हळद्या असे असंख्य पक्षी ऋतूप्रमाणे सामुद्रधुनी इकडून तिकडे ओलांडतात. पक्षी हिवाळ्यात चिखलात झोपतात की परदेशी जातात, यावर तेव्हा विद्वानांत वाद चालू होता. त्यात ही डोळ्यांनी पाहिलेली साक्ष मोलाची ठरली. पुढे कर्नल हॉवर्ड अर्बी या लष्करी अधिकाऱ्याने १८७५ साली सामुद्रधुनीच्या पक्ष्यांवर स्वतंत्र ग्रंथच छापला. तिथले एक सूत्र आजही कामाचे आहे. वसंतात पश्चिमेचा वारा असला तर पक्षी पूर्वेकडे ढकलले जातात आणि जिब्राल्टरच्या खडकावरून जातात. पूर्वेचा लेव्हांतर वारा सुटला तर ओळ पश्चिमेला असलेल्या तारिफाकडे सरकते. वारा न पाहता जागा धरली तर दिवस फुकट जातो. घारी आणि सर्पगरुड मार्चमध्ये, मोहोळ घारी मेच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि तरुण गिधाडे मे-जूनमध्ये, असा साधारण क्रम असतो. गिधाडांचे हाल सर्वांत जास्त होतात. वाऱ्याने दमलेले गिधाड लाटांना टेकेपर्यंत खाली येते, किनाऱ्याजवळ कुरव पक्षी त्याला टोचून हैराण करतात, आणि काही तिथेच बुडतात.

लहान पक्ष्यांचा आणि लाव्यांचा इतिहास काप्रीवर नीट दिसतो. वसंतात लाव्यांसाठी डोंगराच्या खिंडींत उभी जाळी लावली जात. आमिष म्हणून पिंजऱ्यातले लावे असत, आणि त्यांनी सतत ओरडावे म्हणून त्यांचे डोळे फोडले जात. या धंद्याचे उत्पन्न इतके होते, की काप्रीच्या बिशपचा निर्वाह लाव्यांवर चालतो असे म्हटले जाई. अनाकाप्रीत राहणारे स्वीडिश डॉक्टर अ‍ॅक्सेल मुंथे यांनी अखेर बार्बरोसाचा डोंगरच विकत घेतला आणि तिथे पक्ष्यांना अभय दिले. आज त्याच डोंगरावरच्या जुन्या किल्ल्यात पक्ष्यांच्या पायात ओळखीसाठी कडी घालण्याचे केंद्र चालते. १९८८ पासून इटलीच्या लहान बेटांवर वसंतात एकाच पद्धतीने, एकाच काळात कडी घालण्याचा प्रकल्प सुरू आहे. व्हेंतोतेने, काप्री ही त्यातली महत्त्वाची नावे. मुख्य काळ मध्य एप्रिल ते मध्य मे.

तिथले काम जवळून पाहण्यासारखे आहे. बारीक जाळी दर तासाला तपासतात, ऊन तापले तर त्याहून लवकर. पक्षी हातात आला की पोटावरची पिसे फुंकरीने बाजूला करून कातडीखालची पिवळी चरबी पाहतात. समुद्र ओलांडून आलेल्यात ती बहुधा नसतेच. मग बोटाने छातीचे हाड चाचपतात. हाड धारदार लागले तर स्नायूही जळायला लागले आहेत, असे समजायचे. सहारा ओलांडण्याआधी तीसेक ग्रॅमपर्यंत भरलेला गार्डन वॉर्बलर हा वटवट्या इथे सोळा-सतरा ग्रॅमवर आलेला असतो. काही वटवट्यांच्या चोचीच्या मुळाशी आणि कपाळावर परागकणांचा चिकट, नारिंगी-पिवळा थर असतो. उड्डाणात या पक्ष्यांची आतडी आक्रसतात, किडे पचवणे लगेच जमत नाही. म्हणून ते बेटावर उतरताच आधी फुलांतला मध पितात. बेटावर फुललेली झुडपे असणे किती गरजेचे आहे, हे त्या कपाळावरच कळते. नर आधी येतात, माद्या काही दिवसांनी. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीचा आठवडा आणि शेवटचा आठवडा यांची एकमेकांशी तुलना करताना जपावे लागते.

मेसिनाचा इतिहास सर्वांत खडतर आहे. इथून वसंतात जाणारा मुख्य पक्षी म्हणजे युरोपीय मोहोळ घार, गांधीलमाशांची पोळी उकरून अळ्या खाणारी. समोरच्या कालाब्रियात तिला ‘अदोर्नो’ म्हणत. वर्षातून निदान एक अदोर्नो पाडला नाही तर बायको परपुरुषाच्या नादी लागते, असा तिथल्या पुरुषांत समज होता, आणि तो हसण्यावारी नेला जात नसे. डोंगरउतारावर शिकाऱ्यांना दबा धरून बसायला सिमेंटचे पक्के मोर्चे बांधलेले होते. समोरून वारा असला की घारी उतारालगत, मोर्च्यांच्या टप्प्यात येतात. १९७७ च्या कायद्याने इटलीत वन्य प्राणी राष्ट्राची मालमत्ता ठरले, पण डोंगरावर बंदुकीचे बार चालूच राहिले.

१९८१ साली आन्ना जोर्दानो या १५ वर्षांच्या मुलीने मेसिनाजवळच्या डोंगरात हे पाहिले आणि विरोधाला उभी राहिली. पुढे युरोपभरातून स्वयंसेवक येऊ लागले, दर वसंतात पहारा आणि मोजणी यांचे शिबिर भरू लागले. तिथे पक्ष्यांबरोबर बंदुकीचे बारही मोजले जात. धमक्या आल्या, जोर्दानो यांची गाडी जाळली गेली. वनपोलीस मदतीला आले आणि बार वर्षागणिक कमी होत गेले. १९९८ साली जोर्दानो यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. आता चांगल्या वसंतात इथून वीस हजारांहून अधिक शिकारी पक्षी जाताना नोंदले जातात. एका शाळकरी मुलीच्या हट्टातून युरोपातली इतकी मोठी मोजणी उभी राहिली, हे या सगळ्या इतिहासातले आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते.

मोजणीची पद्धत सोपी दिसते, पण चुका ठरलेल्या आहेत. थर्मलमध्ये गोल फिरणारा थवा मोजू नये. तो वर गेला आणि पक्षी एकामागोमाग एक बाहेर घसरू लागले, की ती ओळ मोजावी. निळ्या आकाशात उंचावरचे ठिपके नजरेतून निसटतात, पांढऱ्या ढगाखाली ते लगेच दिसतात. म्हणून दुर्बीण ढगाच्या कडेवरून फिरवावी. दोन ठाणी असतील तर थव्याची वेळ आणि दिशा एकमेकांना कळवावी, नाहीतर तोच थवा दोनदा नोंदला जातो. मोहोळ घार आणि तिच्यासारखाच दिसणारा बझर्ड हा शिकारी पक्षी यांची गल्लत नेहमीची. घिरट्या घेताना बझर्डचे पंख वर उचललेले असतात, मोहोळ घारीचे सपाट राहतात. मोहोळ घारीची मान बारीक आणि पुढे आलेली, शेपूट लांब. इथे वसंतात दिसतात त्या जवळजवळ सगळ्या प्रौढ असतात, कारण वर्षाची पिल्ले पहिला उन्हाळा आफ्रिकेतच काढतात. सर्वांत चांगला काळ एप्रिलचा शेवट ते मेचे पहिले दहा दिवस.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. युरोपीय समुदायाने २ एप्रिल १९७९ रोजी पक्षी-संरक्षणाचा निर्देश मंजूर केला. विणीच्या जागी परतणाऱ्या पक्ष्यांची शिकार करू नये, असे त्यात स्पष्ट आहे. कारण साधे आहे. वसंतात परतणारा पक्षी हिवाळा, दुष्काळ आणि वाळवंट यांतून वाचलेला असतो आणि काही आठवड्यांत अंडी घालणार असतो. त्याला मारले तर विणीची जोडीच मोडते. माल्टा २००४ मध्ये युरोपीय संघात आला, तरी होले आणि लावे यांची वसंतातली शिकार चालू ठेवली. युरोपीय न्यायालयाने १० सप्टेंबर २००९ रोजी माल्टाला दोषी धरले. ११ एप्रिल २०१५ च्या सार्वमतात शिकारीच्या बाजूने ५०.४ टक्के मते पडली, फरक सव्वादोन हजारांच्या आसपास. तिथली पक्षी-संघटना १९६२ पासून काम करते, आणि इतक्या छोट्या देशात जवळजवळ निम्म्या मतदारांना तिने आपल्या बाजूला आणले.

हौशी निरीक्षक मोठ्या संख्येने इकडे येऊ लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५४ साली पीटरसन, माउंटफर्ट आणि हॉलम यांची युरोपच्या पक्ष्यांची खिशात मावणारी ओळख-पुस्तिका आली आणि पक्षी न मारता ओळखणे कुणालाही जमू लागले. त्याच वर्षी ल्यूक हॉफमन यांनी फ्रान्सच्या कामार्गमध्ये टूर द्यू व्हाला हे संशोधन केंद्र सुरू केले. स्पेनच्या दोन्यानामध्ये १९५० च्या दशकात मोहिमा गेल्या, १९६९ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले.

ग्रीसचे लेसव्हॉस बेट या नकाशावर उशिरा आले, साधारण १९९० नंतर. कालोनीच्या मिठागरांत शेकाट्ये, उचाट्ये, रोहित आणि चक्रवाक सहज दिसतात. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरावी आणि गाडीतूनच पाहावे. माणूस उतरला की पक्षी उठतात, गाडीला ते घाबरत नाहीत. दहा-अकरानंतर जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेने दूरचे सगळे थरथरते. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची एकनळी दुर्बीण, तेव्हा तीसपटीच्या वर नेऊन उपयोग नाही. आख्लादेरीच्या पाइनवनात क्रुपरची शिलिंध्री मिळते, पश्चिमेच्या उघड्या खडकाळ भागात राखी भारीट.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी इथला एक पक्षी ओळखीचा आहे. एप्रिलच्या अखेरीस लेसव्हॉसच्या तारांवर बसून गाणारा काळ्या डोक्याचा भारीट आफ्रिकेतून येत नाही. या जातीचा हिवाळी मुक्काम मुख्यतः पश्चिम आणि मध्य भारतात असतो. आपल्याकडे ज्वारी-गव्हाच्या शेतांवर हिवाळ्यात जे पिवळे थवे उतरतात, तीच ही जात. तो पूर्वेकडून जमिनीवरून येतो, म्हणून समुद्रावरचा वारा त्याला अडवत नाही, आणि येतो इतरांपेक्षा उशिरा. मध्य एप्रिलला बेटावर जाऊन परतलेल्यांना तो हमखास चुकतो.

शिकार संपलेली नाही. बर्डलाइफ इंटरनॅशनल या पक्षी-संरक्षण संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासानुसार भूमध्य समुद्राभोवती दरवर्षी १.१ ते ३.६ कोटी पक्षी बेकायदा मारले किंवा पकडले जातात. मेसिनात तर आता दुसरा प्रश्न उभा आहे. सामुद्रधुनीवर सुमारे ३,३०० मीटर गाळ्याचा झुलता पूल आणि त्याला जवळजवळ ४०० मीटर उंच मनोरे असा आराखडा आहे. निवांत हवेत मोहोळ घारी त्याच्या खूप वरून जातील. समोरून वारा असेल तेव्हा मात्र त्या खाली येतात, मोर्च्यांच्या काळात यायच्या तशाच. कोणत्या वाऱ्यात, किती वाजता, किती उंचीवरून, या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी आज हाताशी आहेत ती त्या शिबिरांत दर वसंतात भरलेली नोंदवह्यांची पाने.