वेरिटास: जुन्या इंजिनांवर धावलेला कारखाना

दुसऱ्या महायुद्धानंतर बीएमडब्ल्यूचा मोटारींचा आयझेनाख इथला कारखाना रशियनांकडे गेला आणि म्युनिकमध्ये स्वयंपाकाची भांडी बनू लागली. अशा वेळी कंपनीतल्या एर्न्स्ट लूफ, लोरेन्त्स डीट्रिख आणि मोटारसायकल शर्यती गाजवलेला गेऑर्ग मायर यांनी १९४७ साली जर्मनीच्या फ्रेंच अमलाखालच्या भागात ‘वेरिटास’ ही कंपनी काढली. शर्यतीच्या गाड्या, त्याही उपाशी देशात! वेडेपणाच तो.

पण इंजिन कुठून आणायचं? युद्धापूर्वीच्या ‘बीएमडब्ल्यू ३२८’ गाड्या बनल्याच होत्या जेमतेम ४६४. त्यातली शाबूत राहिलेली गाडी गिऱ्हाइकानं आणून द्यायची. तिचं इंजिन खोलून, दुरुस्त करून, ताकद वाढवून वेरिटास ते नव्या सांगाड्यात बसवणार.

ते इंजिन होतंही तसंच. ज्वलनकक्षाचं छत अर्धगोल असलं की मोठे व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, मावतात आणि इंजिन मोकळा श्वास घेतं. मात्र व्हॉल्व्ह दोन बाजूंना कलते बसवावे लागतात, आणि ते हलवायला सहसा माथ्यावर दोन कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे फिरते दांडे, लागतात. ३२८ मध्ये कॅमशाफ्ट एकच, तोही खाली. उभ्या दांड्या एका बाजूचे व्हॉल्व्ह उघडत, तर दुसऱ्या बाजूसाठी माथ्यावरून आडव्या छोट्या दांड्या घातल्या होत्या. दोन लिटरच्या या सहा सिलिंडरांतून ८० अश्वशक्ती मिळे. १९३६ साली ही मोठीच गोष्ट होती.

शर्यतपटू कार्ल क्लिंगनं १९४८ आणि १९४९ मध्ये वेरिटासवर जर्मन अजिंक्यपद मिळवलं. पण जुन्या इंजिनांचा साठा आटणारच होता. विमानं बनवणाऱ्या हाइन्केल कंपनीकडून स्वतःचं नवं इंजिन बनवून घेतलं, तेही चांगलं होतं; ते पेलायला भांडवल मात्र नव्हतं. माझ्या मते कंपनी बुडाली ती इथेच. डीट्रिखनं पानहार्ड या फ्रेंच मोटार कंपनीच्या भागांवर छोटी गाडी काढून पाहिली, तर लूफनं न्युर्बुर्गरिंगला, शर्यतीच्या मैदानालगतच, नव्यानं मांड ठोकली. १९५३ च्या जर्मन ग्रां प्रीमध्ये तो स्वतः उतरला आणि सुरुवातीलाच पेट्रोलच्या पंपानं दगा दिला. त्याच वर्षी कारभार आटोपला. लूफ बीएमडब्ल्यूत परतला.

तिकडे इंग्लंडात ३२८ चे आराखडे ब्रिस्टल कंपनीच्या हाती पडले होते. तिथे हेच इंजिन नव्यानं ओतून १९६० नंतरही विकलं जात होतं.