शॉकअपवर किती बटणं, हा शेवटचा प्रश्न

१९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये माझदाने एमएक्स-५ ही दोन सीटची, उघड्या टपाची छोटी गाडी दाखवली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. वजन हजार किलोच्या आसपास, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन बाहूंनी धरलेलं. हौशी स्पर्धकाला जे हवं ते कंपनीनेच देऊन ठेवलं होतं. म्हणून रिकाम्या पार्किंगमध्ये शंकू मांडून होणाऱ्या ऑटोक्रॉसपासून ते ट्रॅकवरच्या, फक्त मियाटांसाठीच असलेल्या स्पेक मियाटा शर्यतींपर्यंत ही गाडी आजही दिसते.

अमेरिकेतल्या एससीसीए या मोटरस्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या ऑटोक्रॉसमध्ये 'स्ट्रीट' नावाचा गट आहे. त्यात मूळ स्प्रिंग बदलता येत नाही, पण शॉकअप बदलता येतो. साहजिकच स्पर्धकाचे पैसे तिकडे वळतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: कडकपणा कमी-जास्त करायचं एकच बटण असलेला घ्यावा, की जास्त बटणांचा? माझ्या मते हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे.

धक्का झेलण्याचं काम खरं तर स्प्रिंगचं. पण झेललेली ऊर्जा ती परत करते आणि गाडी हेलकावे खात राहते. ते हेलकावे मोडून काढायचं काम शॉकअपचं, म्हणजे डॅम्परचं. नळीत तेल, तेलात दांड्याच्या टोकाला बसवलेला पिस्टन, पिस्टनला भोकं आणि भोकांवर पातळ पोलादी चकत्या. रंगपंचमीची पिचकारी हळू दाबली तर सहज रिकामी होते, जोर केला तर हाताला विरोध करते, तसंच हे. स्प्रिंग किती दबली यावर तिचं बल ठरतं. डॅम्पर किती वेगाने हलतोय यावर त्याचं. हेलकाव्यातली ऊर्जा तेलात उष्णता होऊन जाते.

हेलकावे का नकोत? आरामासाठी नव्हे, पकडीसाठी. टायरवरचा भार दुप्पट झाला की पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे भार सतत वर-खाली होत राहिला, तर भार वाढलेल्या क्षणी जे कमावतो त्याहून जास्त आपण भार घटलेल्या क्षणी गमावतो. चांगला डॅम्पर म्हणजे टायरवरचा भार शक्य तितका स्थिर ठेवणारा डॅम्पर. एक गैरसमजही इथेच काढून टाकू. लांब वळणात गाडी एका बाजूला झुकून स्थिरावली की बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार जातो, हे गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आहे, दोन चाकांमध्ये अंतर किती आणि वळणाचा जोर किती यावर ठरतं. त्यात डॅम्परचा काहीच हात नसतो. तो भार किती झटकन जातो आणि आधी पुढे जातो की मागे, एवढंच डॅम्पर ठरवतो. पण ऑटोक्रॉसमध्ये गाडी क्वचितच स्थिरावते. शंकूंच्या रांगेतून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. तिथे सगळा खेळ या बदलाच्या क्षणांचाच आहे.

आता थोडा हिशेब करू, कारण निवड खरी इथे होते. समजा गाडीच्या एका कोपऱ्यात स्प्रिंगवर २२५ किलो वजन आहे आणि चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला ६० न्यूटन. असा कोपरा सेकंदाला साधारण २.६ वेळा हेलकावेल. रस्त्यावरच्या साध्या गाडीत हा आकडा एक ते दीडच्या दरम्यान असतो. हेलकावा एकदाही पलीकडे न जाता थांबावा यासाठी जेवढं डॅम्पिंग लागतं, त्याला क्रिटिकल डॅम्पिंग म्हणतात. कडकपणा आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की ते मिळतं. इथे ते सुमारे ७,३५० न्यूटन-सेकंद प्रति मीटर येतं.

मग तेवढंच द्यावं का? नाही. क्रिटिकलच्या तीस टक्के दिलं तर गाडी आपल्या जागेच्या पलीकडे ३७ टक्के जाऊन परत येते. मऊ गाडी डुलते म्हणतो ती हीच. सत्तर टक्के दिलं तर पलीकडे जाणं जेमतेम ५ टक्के उरतं आणि गाडी लवकर स्थिरावते. पूर्ण शंभर टक्क्यांना ती अजिबात पलीकडे जात नाही, पण जागेवर यायलाच उशीर लावते. म्हणून गाडीच्या धडाच्या हालचालींसाठी ६५ ते ७० टक्के ही सुरुवात चांगली. आपल्या कोपऱ्यात चाकापाशी ते सुमारे ५,१५० झालं. चाक एक मिलिमीटर हललं की डॅम्पर पाऊण मिलिमीटर हलतो असं धरलं, तर पाऊणच्या वर्गाने भागायचं. डॅम्परपाशी सुमारे ९,१५० हवेत. याचाच अर्थ, डॅम्परचा दांडा सेकंदाला ५० मिलिमीटर वेगाने हलत असताना सरासरी ४६० न्यूटन बल मिळायला हवं. दबताना ३००, उलगडताना ६०० अशी वाटणी केली तरी चालेल.

हा ४६० चा आकडा हातात असेल तर दुकानदाराशी बोलणं बदलतं. स्प्रिंग बदलल्या तर तो पुन्हा काढायचा. स्प्रिंग दुप्पट कडक झाली की डॅम्पिंग दुप्पट नव्हे, १.४ पट लागतं, कारण मध्ये वर्गमूळ आहे. कडक स्प्रिंग आणि जुनेच शॉकअप, किंवा मूळ स्प्रिंगवर शर्यतीचे कडक शॉकअप, या दोन्ही जोड्या याच हिशेबात नापास होतात.

वरचा वेग गाडीचा नव्हे, दांड्याचा, हे लक्षात ठेवावं लागतं. ताशी १०० किलोमीटरने गुळगुळीत वळण घेताना दांडा सेकंदाला ५० मिलिमीटरच्या आतच हलत असतो. ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाणं, वळताना झुकणं, हे सगळं या संथ पट्ट्यात घडतं. खड्डा किंवा ट्रॅकचा कडेचा दगडी कर्ब आला की तोच दांडा त्याच्या कित्येक पट वेगाने धावतो. संथ पट्ट्यात भरपूर बल हवं, वेगवान पट्ट्यात ते त्याच प्रमाणात वाढत गेलं तर चाक दगडासारखं आपटतं. म्हणून शर्यतीच्या डॅम्परचा आलेख, म्हणजे दांड्याच्या कोणत्या वेगाला किती बल, सुरुवातीला उभा चढतो आणि मग वाकतो. तो वाक आतल्या चकत्यांच्या चवडीत असतो. दहा-वीस शतांश मिलिमीटर जाडीच्या चकत्या, मोठीवर लहान अशा रचलेल्या. दाब कमी असताना तेल फक्त बारीक वाटेने झिरपतं. दाब वाढला की चकत्यांच्या कडा वाकून उचलल्या जातात आणि मोठी वाट उघडते. एखादी चकती बदलली तरी आलेखाचा वाक सरकतो. हे काम करणाऱ्याच्या बाकावर मायक्रोमीटर सतत हाताशी असतो, कारण डोळ्यांना फरक कळत नाही.

इथे जाहिराती फसवतात असं नाही, पण अपुरं सांगतात. बिलस्टीनच्या शॉकअपला २००/६० असे आकडे असतात: उलगडताना २,००० न्यूटन, दबताना ६००. पण ते सेकंदाला ५२० मिलिमीटर वेगाचे. आपल्याला हवे ५० चे. ५२० ला सारखे असलेले दोन शॉकअप ५० ला पार वेगळे असू शकतात, आणि चालकाला जाणवतं ते ५० लाच. म्हणून विकत घेताना पूर्ण आलेख मागावा, चारही शॉकअपचा वेगवेगळा. डावा-उजवा एकमेकांवर नीट बसतात का आणि बटण एक टिचकी फिरवलं की आलेख सारख्या पायऱ्यांनी सरकतो का, हे त्यात दिसतं. टिचकी सहावरून सातवर नेली आणि आलेख जागचा हललाच नाही, तर ते बटण कशाला? चार बटणं असलेला, पण आलेख न देणारा स्वस्त शॉकअप मी घेणार नाही. त्यापेक्षा योग्य चकत्या रचलेला, एकच रिबाउंड (उलगडतानाच्या विरोधाचं) बटण असलेला, उघडून दुरुस्त करता येणारा घेईन आणि उरलेल्या पैशांचे टायर घेईन.

रचनेचा प्रश्न लवकर सुटतो. पिस्टनच्या मागे दाब एकदम पडला की तेलात बुडबुडे होतात आणि बल गळतं. फ्रेंच अभियंता क्रिश्चियन बूर्सिए द कार्बन यांनी तेल आणि दाबाखालचा वायू यांच्यामध्ये तरंगता पिस्टन घालून यावर उपाय काढला. तोच आजचा मोनोट्यूब. त्यात बाहेरची नळीच थेट वाऱ्याला लागते, म्हणून उष्णताही लवकर जाते. मिनिटाभरात संपणाऱ्या ऑटोक्रॉस फेरीला चांगला ट्विनट्यूब, म्हणजे एकात एक दोन नळ्यांचा शॉकअपही पुरतो, कोनीचे पिवळे शॉकअप त्याच जातीचे. अर्धा तास ट्रॅकवर पळायचं असेल तर मोनोट्यूब. फक्त वायूच्या दाबाने दांडा सतत बाहेर ढकलला जातो. १४ मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर २० बार दाब असेल तर सुमारे ३०० न्यूटन. गाडी काही मिलिमीटर वर उचलली जाते, तेव्हा उंची पुन्हा मोजून घ्यावी लागते.

पहिल्या पिढीच्या मियाटाची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. गाडी खाली बसवली की पुढच्या डॅम्परला दबायला जागाच उरत नाही. दांड्याला एक बारीक केबल टाय घट्ट लावून फेरी मारा. टाय जिथे सरकून थांबला तिथपर्यंत डॅम्पर दबला होता. डॅम्पर दर फेरीला बंप स्टॉपच्या, म्हणजे शेवटी दबणं अडवणाऱ्या रबरात रुतत असेल, तर गाडी त्या क्षणी स्प्रिंगवर नव्हे, रबरावर उभी असते. तिथे कोणतंही बटण फिरवून काही होत नाही. लहान बॉडीचा शॉकअप, बदललेला वरचा माउंट किंवा थोडी जास्त उंची, एवढेच मार्ग.

रिबाउंड गरजेपेक्षा कडक केला तर हाच त्रास मागल्या दाराने येतो. एका उंचवट्यावर दबलेलं चाक खाली येण्याआधीच दुसरा उंचवटा येतो, गाडी दर धक्क्याला थोडी खाली ओढली जाते आणि शेवटी रबरावर बसते. गाडी घट्ट वाटते, वेळ मात्र वाढतो. म्हणून चाचणी मऊ बाजूने सुरू करायची: चारही शॉकअपची बटणं पूर्ण सैल, मग पुढची जोडी दोन-दोन टिचक्यांनी वाढवत जायची, आणि टायरचा दाब, चालक, ट्रॅक काहीही बदलायचं नाही. वेळ सुधारायची थांबली की एक पायरी मागे येऊन मागची जोडी धरायची. पाऊस पडला तर पकड कमी, म्हणून भारही हळू सरकलेला बरा. तेव्हा दोन्हीकडचा रिबाउंड काही टिचक्या सैल करायचा, आणि ओल्यात गाडी मागून सुटायला लागली तर आधी मागचा.