आधी एक पक्का, मग दुसरा?

माझा भाचा नववीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीपासून पत्त्यांच्या हातचलाखीनं त्याला पुरतं झपाटलंय. परवा त्यानं मला तीन प्रकार करून दाखवले. पहिला डबल लिफ्ट: कॅटमधले वरचे दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटवायचे. दुसरा पास: कापलेल्या कॅटचे दोन भाग हाताच्या आडोशानं गुपचूप वरखाली करायचे. तिसरा पाम: वरचा पत्ता तळहातात लपवायचा आणि हात रिकामा असल्यासारखा वागवायचा. तिन्ही अर्धेकच्चे होते. आजीनं लगेच ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ऐकवलं. त्याचा चेहरा पडला. “मावशी, सगळे म्हणतात, एक पक्का झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. माझं चुकतंय का?”

हा समज फार जुना आहे आणि पटण्याजोगाही आहे. पण प्रयोग काही वेगळंच सांगतात.

१९७९ साली जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. हातात टेनिसचा चेंडू घेऊन समोरच्या लाकडी फळ्या ठरावीक क्रमानं पटापट पाडायच्या. असे तीन क्रम होते. एका गटानं पहिल्या क्रमाचा सगळा सराव संपवला, मग दुसरा घेतला, मग तिसरा. दुसऱ्या गटानं तेवढाच सराव केला, पण तिन्ही क्रम सरमिसळ करून. सराव चालू असताना पहिला गट स्पष्टपणे पुढे होता. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा सरमिसळवाल्यांनी बाजी मारली. पुढे बॅडमिंटनच्या सर्व्हिसवरही असाच प्रयोग झाला: आखूड, लांब आणि सपाट सर्व्हिस मिसळून शिकणाऱ्यांच्या ती जास्त टिकली.

असं का होतं, हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

३७ गुणिले ८ किती? तुम्ही मनात हिशेब केलात: २९६. आता लगेच पुन्हा विचारते, ३७ गुणिले ८ किती? या वेळी तुम्ही गुणाकार केला नाहीत, उत्तर नुसतं म्हणून दाखवलंत. हेच वीस वेळा विचारलं, तर गुणाकार एकदाच झाला आणि पाठ म्हणणं एकोणीस वेळा. मध्ये ४६ गुणिले ७ आणि ५८ गुणिले ६ घातले, तर ३७ कडे परत आल्यावर हिशेब नव्यानं मांडावा लागतो. हालचालींचंही तसंच आहे. डबल लिफ्टसाठी डाव्या करंगळीनं दोन पत्त्यांखाली बारीकशी फट धरावी लागते. पाससाठी तीच करंगळी कॅटच्या मध्यावर आत शिरते. प्रत्येक वेळी मेंदूला बोटांची आज्ञावली जुळवावी लागते. डबल लिफ्ट सलग वीस वेळा केली, तर ती जुळणी पहिल्यांदाच होते, पुढं नुसती वापरली जाते. मध्ये पास आला की ती मोडते आणि पुन्हा बांधावी लागते. शिकणं घडतं ते या पुन्हा बांधण्यात. म्हणून सरमिसळ सरावात हात अडखळतो आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपली प्रगतीच होत नाही.

पण एक गोष्ट दुसरीला पुसून टाकत नाही का? टाकते, आणि इथंच गंमत आहे. एका प्रकारच्या प्रयोगांत माणूस यंत्रहाताची मूठ धरून ठरावीक खुणेपर्यंत हात नेतो. यंत्र त्याला बाजूला ढकलतं, हात जितका वेगानं जाईल तितक्या जोरानं. काहीशे प्रयत्नांत हात पुन्हा सरळ जायला लागतो. आता धक्का अचानक बंद केला, तर हात उलट बाजूला भरकटतो! याचा अर्थ मेंदू धक्का येण्याआधीच उलटा जोर पाठवत होता. धक्क्याची जणू प्रतिकृतीच त्यानं तयार केलेली असते. १९९६ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात असं दिसलं, की एका दिशेचा धक्का शिकल्यावर लगेच विरुद्ध दिशेचा शिकवला तर पहिलं शिकणं बिघडतं, मध्ये चार तास गेले तर टिकतं. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी तेच दोन विरुद्ध धक्के सलग देण्याऐवजी एकमेकांत मिसळून दिले, आणि कोणता येणार याची खूण आधी दाखवली. मेंदूनं दोन्ही शिकून घेतले. सलग शिकवलं तर मेंदू जुन्याच प्रतिकृतीवर नवी गिरवतो. मिसळून आणि खुणेसह दिलं, तर त्याला दोन वेगळे कप्पे करावेच लागतात.

यात कुठंही ‘स्नायूंची स्मृती’ नाही. हातांना काहीही आठवत नाही, आठवतं ते मेंदूच्या बाह्यकाला म्हणजे बाहेरच्या थराला, अनुमस्तिष्काला म्हणजे मागच्या बाजूच्या लहान मेंदूला आणि खोलवरच्या केंद्रकांना. आणि बोटांत दैवी शक्तीही उतरत नाही. अंगाऱ्याची गोळी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात लपवून ती हवेतून काढल्याचं भासवणारा बाबा माझ्या भाच्याच्याच शाळेतला विद्यार्थी आहे. फरक इतकाच, की भाचा त्याला हातचलाखी म्हणतो आणि बाबा त्यावर माणसांची आयुष्यं लुबाडतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी हे उघड करून दाखवतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

सरमिसळीचा फायदा प्रयोगशाळेत जितका ठळक दिसतो, तितका मैदानावर दिसत नाही, हेही सांगायला हवं. अगदी नवख्याचा तर गोंधळच उडतो. करंगळी कुठं ठेवायची हेच माहीत नसेल, तर पुन्हा बांधायला मुळात काही असत नाही. म्हणून नवा प्रकार आधी सुटाच करायचा, ओबडधोबड का होईना जमेपर्यंत. तो निर्दोष होण्याची वाट मात्र बघायची नाही. आणि रात्री नीट झोपायचं. २००२ च्या एका प्रयोगात बोटांनी ठरावीक क्रमानं कळा दाबायला शिकलेल्यांचा वेग रात्रीच्या झोपेनंतर, जास्तीच्या सरावाशिवाय, सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता. तितकेच तास जागं राहून तो वाढला नाही.

भाच्याला मी लुडोतला फासा काढून दिला. १ किंवा २ पडलं तर डबल लिफ्ट, ३ किंवा ४ ला पास, ५ किंवा ६ ला पाम. सोबत एक वही दिली. तिच्यात संध्याकाळच्या सरावातला विसाव्या खेपेचा सफाईदार प्रयत्न लिहायचा नाही. रोज सकाळी कॅट हातात घेतल्यावर प्रत्येक प्रकाराचा पहिला प्रयत्न कसा झाला, तेवढंच लिहायचं.