टेल रोटर (आरसी हेलिकॉप्टर)
रेडिओ-नियंत्रित म्हणजे आरसी हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या टोकाला उभा फिरणारा छोटा पंखा. नाक डावी-उजवीकडे वळणे, म्हणजे ‘यॉ’, त्याच्या ताब्यात असते. नावाला तो वळवणारा. उड्डाणाचा बहुतेक वेळ मात्र यंत्राला वळू न देण्यातच जातो.

बहुतेक आरसी हेलिकॉप्टरांचा मुख्य रोटर, म्हणजे डोक्यावरचा मोठा पंखा, वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याला फिरवताना तेवढाच उलटा पीळ सांगाड्याला बसतो आणि नाक डावीकडे जाऊ लागते. टेल रोटर शेपटीला डावीकडे ढकलून हा पीळ तोलतो. या ढकलण्याने अख्खे यंत्रच डावीकडे सरकू पाहते, म्हणून जागच्या जागी तरंगणारे मॉडेल किंचित उजवीकडे कललेले असते. नवशिके ते सरळ करण्याच्या मागे लागतात. तो दोष नव्हेच.

मध्यम आणि मोठ्या मॉडेलांत टेल रोटर पट्ट्याने किंवा दांड्याने मुख्य रोटरशी जोडलेला असतो. मुख्य रोटर मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर टेल रोटर साधारण साडेचार पट, म्हणजे ९,००० घेतो. वेग असा बांधलेला, म्हणून जोर बदलायचा तो पात्यांचा कोन बदलून. सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या हुकमाने हलणारी छोटी मोटर, लांब काडी ओढतो, काडी शेपटीच्या आसावरची बाही सरकवते आणि दोन्ही पाती एकदम वळतात. अगदी छोट्या मॉडेलांत हा खटाटोप नसतो. शेपटीला वेगळी मोटर असते आणि तिचाच वेग बदलतो. एकदम वर उसळी घेतली की ही मोटर मागे पडते आणि नाक डावीकडे झटका खाते.

१९७० च्या सुमारास जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी आरसी हेलिकॉप्टर उडवण्याजोगे केले, तेव्हा शेपटी सांभाळायला जायरो, म्हणजे वळणे ओळखून आपोआप सावरणारे उपकरण, नव्हता. मुख्य रोटरवरचा भार बदलला की पीळ बदले आणि त्याच क्षणी हाताने रडर, म्हणजे नाक वळवण्याचा हुकूम, द्यावा लागे. पुढे जायरो आले. सुरुवातीचे जायरो वळणाला फक्त विरोध करत. वाऱ्याने नाक हळूहळू फिरवले तर ते तसेच राही. १९९० च्या दशकातल्या ‘हेडिंग होल्ड’ जायरोने दिशा लक्षात ठेवायला सुरुवात केली. त्यात रडर स्टिक पात्यांचा कोन ठरवत नाही, किती वेगाने वळायचे ते सांगते. कोनाचे जायरो बघतो. म्हणून जमिनीवर स्टिक हलवून मध्ये आणली तरी बाही मध्यावर परतत नाही. अनेकांना सर्व्हो बिघडल्याची शंका येते ती इथेच.

जायरोचा गेन, म्हणजे सावरण्याची तीव्रता, जास्त झाला की शेपटी कुत्र्यासारखी हलते, कमी झाला की सैल पडते. जायरोची सावरण्याची दिशा उलटी लागली, तर मॉडेल उचलताच भोवऱ्यासारखे गरगरते. त्यामुळे पहिल्या उड्डाणाआधी मोटर सोडवून मॉडेल हातात धरायचे आणि नाकाला डावीकडे झटका द्यायचा. उजवा रडर दिल्यावर पाती ज्या बाजूला वळतात, त्याच बाजूला ती वळायला हवीत.