बाळाच्या श्वासासाठीची उपकरणं : घरी नेण्याआधी एकदा वाचा

आमच्या मिरजेतल्या दुकानातून नेब्युलायझर, स्पेसर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा सक्शन मशीन विकत वा भाड्याने नेणाऱ्या आईबाबांसाठी हे पत्रक आहे. मशीनबरोबरचं इंग्रजी पुस्तक बहुधा खोक्यातच राहतं, म्हणून काउंटरवर रोज जे तोंडी सांगतो तेच इथे छापलंय. औषध कुठलं आणि किती, हे तुमचे बालरोगतज्ज्ञ ठरवतील. त्यांच्या चिठ्ठीशिवाय ऑक्सिजनचं मशीन आम्ही देत नाही, ओळखीतल्यांनाही नाही.

आधी श्वास मोजायला शिका

हे शिकायला कुठलंही यंत्र लागत नाही. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा आणि घड्याळ समोर धरून पूर्ण १ मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. तान्ही बाळं मध्येच काही सेकंद थांबतात, मग भराभर श्वास घेतात, आणि गुणाकार फसतो. २ महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने श्वास जलद आहे असं धरतात. तान्ह्याचा आकडा जास्त आला तर लगेच पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर दवाखाना गाठा.

श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणं, नाकपुड्या फुलणं, दर श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येणं, ओठ किंवा जीभ निळसर पडणं, दूध ओढता न येणं, बाळ मलूल होणं : यातलं एक जरी दिसलं तरी घरी मशीन लावत बसू नका. १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बाळांसाठी एसएनसीयू हा वेगळा विभाग असतो. तिथे गरज पडल्यास बबल सीपॅप, म्हणजे नाकातून सतत हलक्या दाबाची हवा देणारं उपकरण, लावतात. त्यात नळीचं टोक पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवलं की बाळाच्या फुप्फुसांत साधारण तेवढाच दाब राहतो आणि श्वास सोडल्यावर ती मिटत नाहीत. तत्त्व साधं असलं तरी ते घरी लावायचं उपकरण नव्हे. ‘ते बुडबुड्यांचं मशीन भाड्याने मिळेल का’ असं विचारणाऱ्यांना आम्ही नाहीच म्हणतो.

नेब्युलायझर

हे मशीन औषधाचे इतके बारीक कण करतं की ते छातीत खोलवर उतरतात. गरम पाण्याची वाफ ही वेगळी गोष्ट आहे. लहान मुलांना ती देऊच नका, पातेलं कलंडून भाजण्याचा धोका मोठा आणि फायदा जवळजवळ शून्य. कापूर किंवा कापूर असलेलं बामही २ वर्षांखालच्या बाळाजवळ नको.

खरं सांगायचं तर प्रत्येक खोकल्याला नेब्युलायझर लागत नाही. सर्दीतून छाती भरलेल्या सहा महिन्यांच्या बाळाला ब्राँकिओलायटिस (विषाणूमुळे बारीक श्वासनलिकांना आलेली सूज) असेल, तर नेब्युलायझरने सहसा फरक पडत नाही. नाक मोकळं ठेवणं, थोडं थोडं दूध पाजत राहणं आणि श्वासावर लक्ष ठेवणं हेच तिथले उपचार. त्यामुळे शेजारच्या मुलाला फरक पडला एवढ्यावरून मशीन घेऊ नका.

डॉक्टरांनी सांगितलंच असेल, तर सगळा खेळ मास्कचा आहे. मास्क नाक-तोंडावर घट्ट बसला पाहिजे. बाळ रडतं म्हणून तो दोन बोटं लांब धरला की औषध खोलीतच फिरतं. रडणारं मूलही औषध छातीत फारसं घेत नाही, म्हणून मांडीवर उभं बसवून, गोष्ट सांगत द्या. झोपेत आडवं ठेवून देऊ नका. कपात औषध आणि सलाइन मिळून साधारण ३ ते ४ मिलि असावं. नळाचं किंवा उकळलेलं पाणी सलाइनऐवजी चालत नाही. ५ ते १० मिनिटांत फडफड आवाज येऊ लागला की संपलं. थोडं औषध कपात उरतंच, त्यासाठी मशीन चालू ठेवू नका. अल्ट्रासॉनिक (कंपनांनी औषधाचे कण करणाऱ्या) मशीनमध्ये ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड देऊ नये. ते औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, तरंगतं, आणि त्या मशीनमधून नीट बाहेर पडत नाही.

प्रत्येक वेळी कप आणि मास्क धुऊन, झटकून, स्वच्छ कापडावर हवेत वाळवा. फडक्याने पुसायचं नाही. ओल्या कपात जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी तेच छातीत जातात. हवेची नळी धुवायची नाही. आत ओल दिसली तर कप काढून मशीन मिनिटभर नुसतं चालवा. दोन भावंडांना एक मशीन चालेल, एक मास्क आणि एक कप चालणार नाही.

स्पेसर

स्पेसर म्हणजे औषधाचा पंप (इनहेलर) आणि मास्क यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी. दम्याच्या बहुतेक मुलांना पंप आणि झडपेचा स्पेसर नेब्युलायझरइतकाच उपयोगी पडतो. स्वस्त आहे, वीज लागत नाही, एसटीतही देता येतो. तरी लोकांना मोठा आवाज करणारं मशीनच जास्त गुणकारी वाटतं, त्याला आमचा इलाज नाही. पंप हलवा, स्पेसरला लावा, मास्क टेकवा, एकदाच दाबा आणि मुलाला ५-६ साधे श्वास घेऊ द्या. दुसरा डोस असेल तर पंप पुन्हा हलवून सगळं पहिल्यापासून. दोनदा दाबून एकदम ओढायला लावलं तर औषध स्पेसरच्या भिंतींवरच बसतं. साधारण ४-५ वर्षांनंतर, मूल तोंडाने नीट ओढू लागलं की मास्क काढून तोंडात धरायची नळी वापरा. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला लावा, बाळाचा चेहरा पुसा. स्पेसर नवा असताना आणि नंतर महिन्यातून एकदा भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवा आणि आतून न पुसता वाळू द्या. पुसलं की आतल्या प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषध भिंतीला चिकटतं.

ऑक्सिजन

कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन तयार करत नाही. खोलीतल्या हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या खड्यांत अडकवतो आणि सुमारे ९३ टक्के ऑक्सिजन पुढे सोडतो. म्हणून त्याला मोकळी हवा लागते. भिंतीपासून निदान फूटभर लांब ठेवा, पडद्यामागे नको, गाळणी आठवड्याला धुवा. ऊस गाळपाच्या दिवसांत, शेजारच्या रानात पाचट पेटवलेली असेल तेव्हा, दोन-तीन दिवसांनी बघा.

तान्ह्या बाळाला मिनिटाला अर्धा लिटर, कधी त्याहूनही कमी ऑक्सिजन लागतो. नेहमीच्या ५ लिटरच्या मशीनवर इतकं बारीक मोजमाप नीट दिसत नाही. आम्ही वेगळा कमी प्रवाहाचा मीटर देतो, तो मागून घ्या. आकडा मीटरमधल्या गोळीच्या मध्यावर, डोळ्यांच्या पातळीत वाचायचा. नाकातल्या नळीची दोन टोकं नाकपुडी पूर्ण बंद करणारी नकोत. शंका आली तर ती टोकं वाटीभर पाण्यात धरा. बुडबुडे आले नाहीत तर बहुतेक वेळा ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण तिरकं बसलेलं असतं. बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घाला आणि ते रोज बदला.

आता आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोष्ट. बाळ जरा कुरकुरलं की आजी किंवा मावशी मीटर थोडा वाढवते. असं कधीच करू नका. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला जास्तीचा ऑक्सिजन मिळाला तर डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बिघडतात आणि दृष्टी जाऊ शकते. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा जन्मताना २ किलोहून कमी असलेल्या बाळाच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत झालीच पाहिजे. बाळ बाहेरून ठणठणीत दिसत असलं तरी. वेळेत कळलं तर लेझरने उपचार होतात. मशीन न्यायला आलात की ही तपासणी झाली का, हे आम्ही विचारतो, राग मानू नका.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला भडकवतो. गॅसची शेगडी, देवघरातलं निरांजन, उदबत्ती, विडी : सगळं निदान १० फूट लांब. बाळाच्या नाकाला किंवा ओठांना तूप, तेल, व्हॅसलीन लावू नका. कोरडं पडत असेल तर पाण्याचा बेस असलेली जेली मिळते.

जत, आटपाडीकडे मशीन नेणाऱ्यांनी वीज जाईल हे धरूनच चालावं. ५ लिटरचं मशीन साधारण ३०० ते ४०० वॅट घेतं, घरातला इन्व्हर्टर फार वेळ तग धरत नाही. अशा वेळी सिलिंडर कामी येतो. बी टाइप सिलिंडरमध्ये भरल्यावर सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे मिनिटाला अर्ध्या लिटरने ५० तास. सिलिंडर उभा, साखळीने बांधून ठेवा. तो उघडायची किल्ली त्यालाच अडकवलेली असू द्या. रात्री अंधारात ती शोधताना सगळ्यांची धांदल उडते.

ऑक्सिमीटर

ऑक्सिमीटर रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवतो. मोठ्यांच्या बोटाचा चिमटा तान्ह्याला बसत नाही. पायाच्या पंजाला गुंडाळायचा प्रोब घ्या, आणि काही तासांनी पाय बदला, नाहीतर कातडी लाल होते. पाय गार असेल किंवा बाळ लाथा मारत असेल तर आकडा खोटा येतो. पडद्यावरचे नाडीचे ठोके स्थिर झाले की मगच टक्केवारी वाचा. ९० च्या खाली टिकून राहिली तर दवाखाना. आकडा चांगला असूनही छाती आत ओढली जात असेल तर छातीवर विश्वास ठेवा.

नाक आणि धुरी

चोंदलेल्या नाकात पाजण्याआधी सलाइनचे १-२ थेंब घाला, मग रबरी फुग्याने फक्त पुढचा शेंबूड ओढा. कफ ओढून काढणारं सक्शन मशीन गळ्यात नळी असलेल्या मुलांसाठी आहे आणि ते कसं वापरायचं ते इस्पितळातल्या सिस्टरकडून शिकूनच न्यायचं. न्हाऊमाखू घालताना नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. ओवा-शेपांची धुरीही नको. बाळंतिणीची खोली उबदार हवी हे बरोबर, पण धूर बाळाच्या छातीला मानवत नाही. डासांच्या कॉइललाही हेच लागू, मच्छरदाणी लावा.

भाड्याविषयी

मास्क, कप, नाकातली नळी आणि सक्शनची नळी आम्ही परत घेत नाही, दुसऱ्या बाळाला देतही नाही. कॉन्सन्ट्रेटर नेताना आमच्या ॲनालायझरवर ऑक्सिजनची टक्केवारी दाखवून मागा. ती ९० च्या खाली असेल तर ते मशीन घेऊ नका, दुसरं मागा.