मस्कटीन

मस्कटीन : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी आयोवा राज्याच्या पूर्व सीमेवरील, मिसिसिपी नदीकाठचे एक लहान शहर व त्याच नावाच्या काउंटीचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सु. २४,००० (२०२०). पश्चिमेकडे वाहत आलेली मिसिसिपी जेथे दक्षिणेकडे वळते, त्या वळणावर ते वसले आहे. त्याचे जुने नाव ब्लूमिंग्टन; १८४९ मध्ये ते बदलण्यात आले. नदीतील शिंपल्यांपासून गुंड्या बनविण्याच्या उद्योगामुळे हे शहर ओळखले जाऊ लागले. त्या गुंड्यांची आपण जगातली राजधानी आहोत, असे शहर अभिमानाने सांगे आणि काही काळापुरते ते खरेही होते : १९०५ मध्ये येथे सु. १५० कोटी गुंड्या तयार झाल्या व हे प्रमाण जागतिक उत्पादनाच्या ३७ टक्के होते.

गुंड्यांच्या आधी येथे लाकूड होते. विस्कॉन्सिन व मिनेसोटातील पाइन वृक्षांचे ओंडके तराफ्यांच्या रूपाने नदीतून खाली येत आणि काठावरच्या गिरण्यांत चिरले जात. उत्तरेकडील जंगले संपत आली, तशा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गिरण्या मंदावल्या. नदीने आणून दिलेला माल संपतो, हा अनुभव शहराच्या गाठीशी होता. तरी पुढच्या धंद्यात कोणी त्याची फारशी आठवण ठेवली नाही.

जॉन फ्रेडरिक बेपल हा हँबर्गजवळच्या भागातील गुंड्यांचा कारागीर १८८७ मध्ये अमेरिकेत आला. आयात गुंड्यांवरील जकात १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने वाढविल्यावर देशी गुंड्यांना एकाएकी वाव मिळाला. बेपलने १८९१ मध्ये मस्कटीन येथे पायाने चालणाऱ्या चरकावर गोड्या पाण्यातील शिंपले कापण्यास सुरुवात केली. आपले कसब इतरांना कळू नये म्हणून तो धडपडला, पण थोड्याच वर्षांत शहरात प्रतिस्पर्धी कारखाने उभे राहिले आणि तो स्वतः मागे पडला. हस्तकौशल्याचा अभिमान बाळगणारा हा कारागीर यंत्रांच्या शर्यतीत टिकणे कठीणच होते. स्थानिक बॅरी बंधूंनी १९०४ च्या सुमारास तयार केलेले ‘डबल ऑटोमॅटिक’ यंत्र गुंडीचा दर्शनी भाग घडविणे व भोके पाडणे ही दोन्ही कामे एकापाठोपाठ करी.

शिंपले पकडण्याची पद्धत साधी होती. शिंपला तळाशी किंचित उघडा राहून पाणी गाळीत असतो व काहीही आत शिरले की घट्ट मिटतो. सपाट तळाच्या होडीमागून एक लांब दांडा तळाशी ओढला जाई. त्याला दोऱ्यांनी अनेक बोथट गळ लोंबकळत सोडलेले असत. गळ स्पर्शताच शिंपले त्यावर आपणहून मिटत आणि दांडा वर घेतला की घोसासारखे लटकून येत. काठावर ते मोठ्या कढयांत वाफवून मांस काढले जाई आणि त्यात एखादे मोती आहे का, हे बोटांनी चाचपून पाहिले जाई. या तळांभोवती कुजक्या मांसाची दुर्गंधी पसरलेली असे. कारखान्यात शिंपले काही दिवस पाण्यात भिजवीत, कारण कोरडा शिंपला कापताना तडकतो. मग नळीच्या आकाराच्या फिरत्या करवतीने त्यातून गोल चकत्या काढल्या जात. चकत्या घासून एका जाडीच्या केल्यावर यंत्रावर त्यांना आकार व भोके मिळत, पिंपात घोळवून त्यांना चकाकी आणली जाई आणि शेवटी प्रतवारी होई. कापणारे बहुतेक पुरुष असत, यंत्रांवर व प्रतवारीला स्त्रिया. पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर गुंड्या शिवण्याचे काम घरोघरी चाले व त्यात मुलेही गुंतत. चाळणीसारखे भोके पडलेले टाकाऊ शिंपले रस्त्यांच्या भरावात घातले गेले, आणि परसात खणताना ते आजही निघतात.

कापणाऱ्यांची मजुरी ग्रोसवर ठरे. ग्रोस म्हणजे बारा डझन. परंतु खराब निघणाऱ्या चकत्यांच्या भरपाईदाखल मालक चौदा डझनांचा ग्रोस मोजून घेतात, ही कामगारांची जुनी तक्रार होती. धूळ, ओल आणि करवतीने होणाऱ्या जखमा यांची तिला जोड होती. संघटना उभी राहताच १९११ च्या फेब्रुवारीत कारखान्यांना टाळे लागले. संघर्ष चिघळून राज्याचे सैन्यदल शहरात आणावे लागले व तो पुढील वर्षापर्यंत रेंगाळला.

शिंपल्यांचा तुटवडा त्याआधीच जाणवू लागला होता. शिंपल्याला पूर्ण वाढायला अनेक वर्षे लागतात. शिवाय त्याची सूक्ष्म अळी माशाच्या कल्ल्यांना चिकटून काही काळ राहिल्याशिवाय पुढे वाढत नाही. ठरावीक जातीच्या शिंपल्याला ठरावीक जातीचा मासा लागतो. १९१३ मध्ये कीओकक येथे धरण पूर्ण झाले तेव्हा स्किपजॅक हेरिंग या माशाची वरची वाट बंद झाली आणि त्याच्यावर विसंबून असलेला एबनीशेल हा गुंड्यांसाठी उत्तम मानला गेलेला शिंपला वरच्या नदीतून जवळजवळ नाहीसा झाला. संघराज्य शासनाने मस्कटीनजवळ फेअरपोर्ट येथे १९०८ मध्ये जीवशास्त्रीय केंद्र स्थापिले. माशांच्या कल्ल्यांना अळ्या चिकटवून ते मासे नदीत सोडण्याचे प्रयोग तेथे झाले. उतारवयात बेपलही या कामात सामील झाला; शिंपल्यावर पाय कापून झालेल्या जंतुसंसर्गाने तो १९१२ मध्ये मरण पावला.

उद्योगाची अखेर मात्र केवळ शिंपल्यांअभावी झाली नाही. कपड्यांना झिप आली, धुलाई यंत्रे व तीव्र साबणांपुढे शिंपल्याची गुंडी निस्तेज होऊ लागली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त प्लॅस्टिकने बाजार व्यापला. १९६० च्या दशकात येथील शिंपले कापण्याचे काम थांबले. काही कारखाने प्लॅस्टिकच्या गुंड्यांकडे वळले, आणि त्या गुंड्यांनाही मोत्याची झाक देण्याची खटपट त्यांनी केली. शिंपल्यांना तोवर दुसरे गिऱ्हाईक मिळाले होते : संवर्धित मोत्यांच्या गाभ्यासाठी, म्हणजे ज्याभोवती मोती वाढतो त्या मण्यासाठी, जपान ते विकत घेत असे. शहराच्या मध्यवस्तीत आता गुंड्यांचे संग्रहालय आहे व नदीकाठी शिंपले काढणाऱ्याचा पुतळा आहे.

हिगिन्स आय या शिंपल्याचे शास्त्रीय वर्णन आयझॅक ली या अमेरिकन शिंपले-अभ्यासकाने १८५७ मध्ये मस्कटीनच्या नमुन्यांवरूनच केले होते. ही जात १९७६ पासून संघराज्याच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. विस्कॉन्सिनमधील जिनोआ मत्स्यबीज केंद्रात तिची पैदास आज फेअरपोर्टच्याच धर्तीवर, माशांच्या कल्ल्यांना अळ्या चिकटवून केली जाते.